डाव्या बाहीचं माप

१४ मार्च

ती. अप्पा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? आई फोनवर "बरा आहे" म्हणते, म्हणजे बरा नसणार. मी मजेत.

पार्सल मिळालं. त्याचं शेवटी लिहितो, आधी बातम्या.

शनिवारचा आमचा विनोदी कार्यक्रम जोरात आहे. त्यात मी करतो त्या टेलरला लोकांनी डोक्यावर घेतलंय. तोंडात टाचण्या धरून तो गिऱ्हाइकाला झापतो, "दोन्ही हात सारखे असतात असं कोण म्हणालं? दुसरा पुढे करा!" आता प्रेक्षकच ते आधी ओरडतात. हे वाक्य कुठून उचललं, ते तुम्हाला काय सांगायचं? शिवाय सिनेमात न्यायाधीशाची भूमिका मिळाली आहे, ठार गंभीर. दिग्दर्शकाने बजावलंय, "भुवया हलवू नकोस, कोर्ट हसेल."

निर्मात्याशी मात्र वाजलं. त्याला माझ्याकडून कंबर हलवत मुरडणारा पुरुष हवा होता. म्हणे, "तू तसलाच आहेस, तुला काय अवघड?" मी म्हटलं, "साहेब, कुणी मुरडत चालत असेल तर ती त्याची चाल आहे. तिच्यात विनोद कुठे आहे, दाखवा!" अप्पा, विनोदाने खुर्चीवरच्याची टोपी उडवावी. आधीच कोपऱ्यात ढकललेल्याला आणखी टपली मारायची, हा निव्वळ भेकडपणा आहे. हे मी त्याला सगळ्या युनिटसमोर सुनावलं. आवाज तुमचाच आहे, शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

मग मीच प्रसंग लिहिला. एका घरात राहणारे दोन पुरुष नवा सोफा दारातून आत घेताना कडाकडा भांडतात. बस्स, एवढंच. थिएटर कोसळलं! पुढच्या रांगेतल्या आजी नवऱ्याला कोपराने ढोसून म्हणाल्या, "बघा, अगदी तुम्हीच!"

मी गे आहे असं मुलाखतीत सांगितलं, तेव्हा तुम्ही विचारलंत, "तू लोकांना हसवतोस, की लोक तुला हसतात?" आणि फोन ठेवलात, तो ठेवलातच. त्या आजींकडे माझं उत्तर आहे.

आता पार्सल. आई म्हणते, तुम्ही टीव्हीकडे ढुंकून बघत नाही. मग माझ्या टेलरच्या कोटाचा खांदा उतरलाय, हे दिसलं कुणाला? नवा कोट चपखल बसला.

दुसरा तपकिरी कोट मात्र माझ्या अंगात लोंबला. गिऱ्हाइकाचा चुकून आला म्हणून परत बांधत होतो. तेवढ्यात आमचा लाइटवाला, माझ्यासोबत राहतो तो... नाही, नीट लिहितो. माझा जोडीदार म्हणाला, "थांब, घालून तर बघू." खांदे, छाती, उंची, सगळं बरोबर! उजवी बाही पक्की. डावी मात्र नुसती कच्च्या टाक्यांवर.

आम्ही दोघं चक्रावलो. मग बक्षीस समारंभाचा आम्हा दोघांचा पेपरातला फोटो काढला; तुम्ही त्याला पाहिलं असेल ते तेवढंच. त्यात त्याचा डावा हात माझ्या पाठीमागे आहे, दिसतच नाही. न मोजलेल्या हातावर पक्की शिलाई घालतील ते माझे अप्पा कसले!

तो कोट काढायला तयार नाही. टाके उसवतील म्हणून डाव्या हाताने चहाही घेत नाही.

रविवारी दुपारी ट्रायलला येतोय. दोघं. टेप काढून ठेवा. त्याला गुदगुल्या फार होतात, तेव्हा टाचण्या जरा जपून. आणि झापायचं असेल तर दोघांनाही झापा.

तुमचा मुलगा,
आणि डावा हात पुढे करून उभा असलेला तो