पहिल्या रांगेतली छत्री

१ ऑगस्ट
ठरलं. या उन्हाळ्यात इथे किनाऱ्यावर भांडण नाही. कुणाशीच नाही.
खरं तर मी मुळात शांत माणूस. कोर्दोबात जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. पोरं खांबावर गाडी घालायची आणि मी हसतमुखाने शेजारचा ब्रेक दाबायचो. एकदा एकाच्या कानाखाली वाजवली, पण तो सिग्नल तोडत होता. गेल्या वर्षीचं ते प्रकरण म्हणजे काही भांडण नव्हे. त्या माणसाने आपलं नाक माझ्या आइसबॉक्सच्या वाटेत आणलं.
पण माझ्या लेकीला, आराथेलीला, हे कोण समजावणार? तिची अट: पंधरा तारखेला, मेरीमातेच्या सणाला, ती खिमेनाला घेऊन येणार. तोवर मी कुणाच्या अंगाला हात लावला नाही, तर नात महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे. लावला, तर सरळ व्याह्यांकडे, मार्बेयाला. त्यांच्याकडे पोहायचा तलाव, पांढऱ्या गाद्या, हाताशी वेटर. आमच्याकडे समुद्र. उथळ, शांत, कुटुंबवत्सल. माझ्यासारखाच.

२ ऑगस्ट, पहाट
आमच्या किनाऱ्याचा कायदा साधा. पहाटे जो आधी छत्री रोवेल, त्याची पहिली रांग. छत्री एकटी सोडायची नाही, नगरपालिकेचे पोलीस उचलून नेतात. खाली माणूस हवाच, झोपलेला चालतो.
पहिल्या रांगेत शॉवरसमोरची जागा माझी. हे इथल्या सीगल पक्ष्यांनाही ठाऊक आहे. आज तिथे माद्रिदचा एक जाडा. अनसेल्मो नाव, रिटायर्ड खाटीक. मला म्हणतो, जागेवर तुमच्या बापाचं नाव कोरलंय का? मी शांतपणे त्याची छत्री उपटली. त्याने मला उपटलं. माझा शर्ट फाटला, त्याच्या तोंडात वाळू गेली.
हे भांडण नव्हे. ओळख झाली.

५ ऑगस्ट
आज पुन्हा तो आधी आला. तोंड उघडं टाकून घोरत होता. किनाऱ्यावर एक मेलेला जेलीफिश सापडला, तो मी त्याच्या पोटावर ठेवला. निव्वळ गंमत म्हणून. मेलाय असं मला प्रामाणिकपणे वाटलं होतं.
त्याचं पोट टोमॅटोसारखं लाल झालं. मग तो छत्री ठोकायची हातोडी घेऊन माझ्यामागे पाण्यात शिरला. नडगीवर दोन घाव. मी फक्त बचावापुरतं त्याचं डोकं पाण्याखाली धरलं. जीवरक्षकाने दोघांना वेगळं केलं.
रेमे, म्हणजे बायको, नडगीला बर्फ लावताना म्हणाली, एलादियो, लाज सोडलीस ती सोडलीस, निदान वयाची तरी ठेव. मी म्हटलं, सुरुवात कुणी केली ते विचार. ती म्हणाली, ते विचारायची गरजच काय?
उद्यापासून दीर्घ श्वसन.

८ ऑगस्ट
रेमेने तह ठरवला. बटाट्याचं ऑम्लेट करून मला हाताला धरून त्यांच्या फ्लॅटवर नेलं. मी मोठ्या मनाने गेलो. अनसेल्मोही बरा बोलला, वाइन ओतली. त्याच्या बायकोने, तिचं नाव पुरा, ऑम्लेटचा घास घेतला आणि म्हणाली, अगंबाई, यात कांदा घालता तुम्ही?
आता कांद्याशिवाय ऑम्लेट म्हणजे आजाऱ्याचं पथ्य. हे मी अगदी सौम्यपणे सांगितलं. अनसेल्मो म्हणाला, कांदा घालतो तो बटाट्याचा खून करतो. खाटकाने खुनाबद्दल बोलावं! मीही तेच म्हटलं. त्याने ऑम्लेट माझ्या डोक्यावर पालथं घातलं. मी रिकामी ताटली त्याच्या कानावर हाणली. पुरा वहिनींनी मला झाडूने जिन्यापर्यंत पोचवलं.
त्याच्या कानाला टाके पडले म्हणे. दु:ख वाटलं. ताटली रेमेच्या आईची होती.

११ ऑगस्ट
अनसेल्मोने माझ्या दंडाचा चावा घेतला. शॉवरच्या रांगेत. मी काहीही केलं नव्हतं, फक्त त्याच्या टाके पडलेल्या कानात थोडं पाणी उडवलं होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. नर्सने विचारलं, कुत्रा? मी म्हटलं, माद्रिदचा.
यावर हसली नाही. तीही माद्रिदची निघाली. सुई फार खोल घातली.

१४ ऑगस्ट
आराथेलीचा फोन. बाबा, खरं सांग, कुणाशी मारामारी? मी म्हटलं, छे गं, सगळे जिवाभावाचे मित्र झालेत. मग खिमेना आली फोनवर. आजोबा, आपण अगदी पाण्याजवळ बसायचं हं, पायाला लाटा लागायला हव्यात. मी शब्द दिला. पहिली रांग, शॉवरसमोर, मरेन पण सोडणार नाही. उद्या दुपारपर्यंत पोचतो म्हणाले.
रेमेने फोन बाल्कनीत नेला आणि दार लावून घेतलं. बायकांचं काहीतरी असेल.
खिमेनाची रिकामी खोली पाहून आलो. पलंगावर फुगा ठेवलाय. उद्या काही झालं तरी हात उचलायचा नाही.

१५ ऑगस्ट, दुपार
काय झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.
झुंजुमुंजू होतानाच उतरलो. माझ्या जागेवर छत्री. नवीकोरी, पिवळीधमक, आजवरच्या सगळ्यांहून मोठी. आजच्या दिवशी! सणाच्या दिवशी! खाली माणूस पसरलेला, तोंडावर टॉवेल.
दीर्घ श्वास घेतला. घेतला हे महत्त्वाचं आहे. मग छत्री उपटली, गुडघ्यावर घालून दांडा मोडला आणि अर्ध्या दांड्याने खालच्या माणसाला बडवलं. बरगड्यांवर. टॉवेलवरून तोंडावर. तो बोलायला बघत होता, मी म्हटलं, हा घे कांदा! हा घे बटाटा!
टॉवेल सरकला. अनसेल्मो नव्हता. रुबेन होता. माझा जावई.
उन्हाच्या आधी पोचावं म्हणून ते रातोरात निघाले होते, फक्त रेमेला सांगून. मला त्रास नको म्हणून जागा आधीच धरून ठेवली होती. रुबेनने एक दात हातावर थुंकला आणि त्याच्याकडे बघत बसला. बिचारा म्हणाला, सुप्रभात, बाबा.
मागे आराथेली उभी होती, हातात गरम तळलेल्या चुरोसचा तेलकट पुडा. तिच्या पायाला बिलगून खिमेना. मी हात पसरले. दांडा अजून हातात होता. पोरगी आईच्या मागे गेली. तिथूनच म्हणाली, आजोबा, ती तुझी छत्री होती. रंग मी निवडला होता.
मी म्हटलं, चूक कुणाची, आधी फोन करायला नको? आराथेलीने खिमेनाला गाडीत बसवलं. गाडी मार्बेयाच्या रस्त्याला लागली. रेमे खिमेनाचे आमच्याकडचे कपडे द्यायला म्हणून त्यांच्याबरोबर गेली. स्वतःचीही बॅग घेऊन.

१६ ऑगस्ट
पहिली रांग. शॉवरसमोर. जागा सहज मिळाली.
मोडका दांडा सुतळीने बांधून पाहिला. उभा राहत नाही. पिवळं कापड डोक्यावर घेऊन बसलो.
अनसेल्मो आला. मी मूठ वळून तयार होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, म्हणाला, तुमची नात येणार होती ना? मी म्हटलं, ट्रॅफिक फार आहे. त्याने आपली छत्री इतकी जवळ रोवली की सावली माझ्यावरही पडली. मग डबा पुढे केला. ऑम्लेट. कांदा नव्हता.
खाल्लं. लाटा पायाला लागत होत्या.
संध्याकाळी हिशोब केला: आज दिवसभर एकही भांडण नाही. अगदी ठरल्याप्रमाणे. आराथेलीला सांगायला फोन केला. उचलला नाही. तलावात असतील सगळे.