सरळ केलेली काठी

प्रिय सिहेम,

तुझी आई सांगत होती, तू आता ट्यूनिसच्या शाळेत भूगोल शिकवतेस आणि कुणी आपल्या केर्केना बेटाच्या समुद्राचं नाव काढलं की विषय बदलतेस. तीन वर्षं झाली तुला बेटावर येऊन.

आधी इकडची खबर. ऑक्टोपस धरायला पाण्यात सोडलेली मडकी यंदा निम्मी रिकामी आली. पाणी तापल्यापासून निळे खेकडे जाळी फाडतात. काल शेजारच्या हमादीने एका जाळ्यातून एकोणीस काढले आणि म्हणाला, "मुन्जी, आता यांनाच सरपंच करा!" माझा बर्फाचा कारखाना मात्र जोरात आहे. उकाडा वाढेल तसा बर्फ खपतो. लोक घामाघूम होतात आणि माझं बरं चालतं. उत्तरेकडे समुद्र अडवणारा दगडी बांध पूर्ण झाला. आपल्या बाजूला, कब्रस्तानाकडे, एक दगड पडला नाही, कारण तुझ्या अहवालातून ती बाजू खोडली गेली.

समुद्र किती आत येतो ते मोजायला तू भरतीच्या रेषेवर सात काठ्या रोवल्यास ते दिवस मला आठवतात. टेप, वही आणि उन्हाने सोललेलं नाक. कॅफेत मी तुला चिडवायचो, "सरकार पगार देतं आणि पोरगी पाणी मोजते! मासे मोज गं, निदान तळता तरी येतील." तूही कमी नव्हतीस. "मामा, पाणी तुमच्या कारखान्यात शिरलं की आयता बर्फ होईल," म्हणायचीस. मोठं यंत्र मिळेपर्यंत टेपवरच भागवायचं होतं तुला.

दुसऱ्या वर्षी पाच काठ्या म्हणाल्या समुद्र आत आला, कब्रस्तानाकडच्या दोन म्हणाल्या जागचा हलला नाही. तुझे साहेब भर कॅफेत वही आपटून म्हणाले, "बाई, एकाच समुद्राची दोन मतं कशी?" काठ्या कुणीतरी हलवल्यात, एवढंच तू म्हणालीस. तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला, "काठ्यांना पाय फुटले का गं?" सगळं कॅफे हसलं. तो आवाज माझा होता. तू माझ्याकडे पाहिलंस आणि वही पिशवीत टाकलीस. दुसऱ्या दिवशीच्या बोटीने गेलीस ती गेलीसच.

पोरी, आपल्याकडे समुद्रातही वाटण्या असतात. खजुरीच्या फांद्या पाण्यात रोवून आपण माशांची कुंपणं करतो, आणि वाकलेली काठी दिसली की जाता जाता उपटून घट्ट जमिनीत सरळ रोवतो, मग ती कुणाचीही असो. माझ्या बापाने मला चालायच्या आधी हे शिकवलं असावं. तुझ्या दुसऱ्या मोजणीआधीच्या हिवाळ्यात, वादळानंतर, मी कब्रस्तानाकडून जात होतो. दोन काठ्या पाण्यात लोंबत होत्या. हाताला सवय, उपटल्या आणि दहा-बारा पावलं वर, कोरड्यात, ठोकून दिल्या. पुण्याचं काम केलं म्हणून शीळ घालत घरी गेलो.

काठ्या मागे सरकल्या, म्हणून तुझ्या टेपला पाणी पूर्वीएवढंच लांब दिसलं. साहेबांनी वही आपटली त्या क्षणी मला ते आठवलं. लगेच आठवलं, सिहेम. पण त्याच बाजूला पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या माझ्या खोल्यांचा पाया खणून झाला होता, आणि समुद्र हलला नाही हे ऐकायला मला बरं वाटत होतं. म्हणून मी विनोद केला. सगळे हसले की खरं बोलायचं राहून जातं, हे मी बाजारात शिकलो होतो.

गेल्या महिन्यात भरतीचं पाणी कब्रस्तानात शिरलं ते ओसरलंच नाही. इमामसाहेबांनी परवानगी दिली आणि आम्ही तुझ्या आजीला वर हलवलं. मी खड्ड्यात उतरलो होतो. वाळू खारट, ओली, हाताला चिकटणारी. तुझी आई काठावर उभी राहून एवढंच म्हणाली, "सिहेम बरोबर सांगत होती, दादा." मी मान वर केली नाही. तिला अजून माहीत नाही.

येत्या बुधवारी बांधाची समिती कॅफेत बसणार आहे. जिथे तुला हसलो तिथेच उभा राहून मी हे सगळं सांगणार आहे. सोबतचा सही केलेला कबुलीचा कागद तुझ्या जुन्या साहेबांसाठी. पण माझ्या शब्दावर दगड पडत नाहीत, त्यांना माप लागतं, आणि ते तुझ्या हातचं हवं. जुनी जागा मला पक्की ठाऊक आहे: मशिदीचा मनोरा आणि शेंडा मेलेली खजुरी एका रेषेत येतात ती. आज सकाळी जाऊन पहिली काठी परत तिथे रोवली. पाणी माझ्या मांडीला लागत होतं. दुसरी तुझ्यासाठी ठेवलीय. माफ करायला नाही जमलं तर नको, पण टेप घेऊन ये.

तुझाच,
मुन्जीमामा