खारुटी कुणाची

आई, तू मला खारुटी म्हणायचीस. चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या क्वार्टरमध्ये तू शेंगदाण्याची चटणी कुटायला बसलीस की मी फ्रॉकच्या खिशात दाणे भरून पळायचे आणि गादीखाली, कपाटामागे, बाबांच्या ऑफिसच्या बुटात लपवून ठेवायचे. बाबा बुटात पाय घालून ओरडायचे आणि तू हसत म्हणायचीस, "ओरडू नका, आमच्या खारुटीची बेगमी आहे ती." त्या सगळ्या शहरात या नावानं हाक मारणारी तू एकटीच होतीस.

तू गेल्यावर मी एक प्रोग्रॅम लिहिला. लोकांचे फोटो, कागदपत्रं आपोआप दुसरीकडे जपून ठेवणारा. नाव ठेवलं खारुटी. तो कुणीही घ्यावा, उघडून बघावा, हवा तसा बदलावा आणि पुढे वाटावा, एक पैसाही न देता. जगभरातले लोक वापरू लागले, सुधारू लागले. मग इथल्याच एका कंपनीनं तो घेतला, त्यात आपलं काहीबाही घातलं आणि खारुटी याच नावानं विकायला काढला. विकण्याला माझी ना नव्हती, तशी मुभा मीच दिली होती. पण एक दिवस तांबरमहून एका आजोबांचा फोन आला. नातवाचे सगळे फोटो गेले म्हणून रडत होते. त्यांच्याकडे कंपनीची खारुटी होती, आणि शिव्या मात्र मला बसल्या. पुढच्याच महिन्यात कंपनीची नोटीस आली: ट्रेडमार्कसाठी आम्ही अर्ज केला आहे, तुम्ही हे नाव वापरणं थांबवा. आता बोल!

सोबत काम करणारी मुलं म्हणाली, "अक्का, नाव बदलून टाकू. सगळे असंच करतात." मीही जवळजवळ हो म्हणाले होते. तेवढ्यात मला शेजारची मामी आठवली. तिला तू चटणी शिकवलीस, अगदी हाताला धरून. ती देवळाबाहेर त्याच चटणीच्या पुड्या विकू लागली आणि वर चिठ्ठी लावली, "मराठी अक्काची पोडी". तुला कळलं तेव्हा तू पदर खोचून निघालीस आणि मी तुझ्यामागे. मला वाटतंय, आता जोरदार भांडण होणार. मामीही घाबरून, रागावू नको म्हणून विनवते, "कोपम् वेंडाम, अक्का." आणि तू तुझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये तिला समजावतेस, की चटणी खुशाल कर, उडीद डाळ घाल नाहीतर आणखी काही घाल, ती काय माझ्या एकटीची आहे? पण चिठ्ठीवर तुझं नाव लिही. खवट निघाली तर लोकांनी तुझं दार वाजवावं, माझं नाही. दुसऱ्या दिवशी मामीनं नवी चिठ्ठी लावली आणि पहिली पुडी तूच विकत घेतलीस.

मी हरकत नोंदवली. सुनावणीत त्यांच्या वकिलानं तिरकसपणे विचारलं, "सगळं फुकट वाटलंत, मग नावालाच एवढं का चिकटून बसलात?" मी तुझंच उत्तर दिलं, फक्त चटणी वगळून. शेवटी कंपनीनं अर्ज मागे घेतला. आता त्यांचा प्रोग्रॅम वेगळ्या नावानं मिळतो. आतला बराचसा अजून माझाच आहे आणि मला त्याचं बरं वाटतं. त्यांची नवी आवृत्ती पहिल्या दिवशी मी स्वतः विकत घेतली. आई, न चिडता आपलं ते सोडायचं नाही, हे तू मला त्या देवळाच्या पायरीवर शिकवलंस. तुझे उपकार कसे फेडू?

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. खारुटीत ठेवून देईन, म्हणजे हरवायचं नाही. वकिलानं मला हेही विचारलं होतं, की हे नाव कुठून आणलंत. मी म्हटलं, खार साठवण करते, म्हणून. तेवढ्यावर भागलं. खरं कारण तुला एकटीलाच सांगते. तू गेल्यावर मला त्या नावानं हाक मारणारं कुणीच उरलं नव्हतं, आणि ते मला सोसेना. परवा कुण्या अनोळखी मुलाचा मदुरैहून फोन आला. त्याला मदत हवी होती. अडखळत म्हणाला, "हॅलो... खारुटी?"

मी म्हटलं, "ओ."