लोणचं म्हणजे काय, ते तू त्यांना सांगितलंस

प्रिय दादा,

तुला जाऊन आज बेचाळीस दिवस झाले. तेराव्यानंतर एकदा लिहायला बसलो होतो, तेव्हा नुसतंच रडू आलं आणि कागद तसाच राहिला. आज रडू येत नाहीये. आज राग आलाय, म्हणून लिहितोय.

शनिवारी यूअन घरी येऊन गेला. तुझा ग्लासगोचा यूअन, तुमच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा लाइनबॅकर, म्हणजे समोरच्यांचे डाव अडवणारा. आईच्या सोफ्यात तो धड मावत नव्हता. कामासाठी मँचेस्टरला आला होता, म्हणून आई-बाबांना भेटायला आला. चहा घेतला, तुझ्याबद्दल फार चांगलं बोलला, आईचा हात हातात घेऊन बराच वेळ बसला. मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेलो, तेव्हा हसत हसत एक गोष्ट सांगून गेला. त्याला वाटलं, मला ती माहीतच असणार.

मला ती माहीत नव्हती, दादा.

तुला आठवतं, हे सगळं सुरू कसं झालं? रविवारी संध्याकाळी टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लागायचा. बाबा म्हणायचे, ही हेल्मेट घालून खेळलेली कबड्डी आहे. तू सोळाचा होतास, मी तेराचा. तू घरोघरी पेपर टाकून मिळवलेल्या पैशांतून तो लांबुळका बॉल मागवलास आणि मला पार्कमध्ये नेलंस. तू क्वार्टरबॅक. म्हणजे ज्याच्या हातात बॉल येतो, जो फेकतो, ज्याच्या डोक्यात सगळा डाव असतो तो. मी पळायचो आणि झेलायचो. थंडीत तळहात इतके झोंबायचे की घरी आल्यावर मला चमचा धरता यायचा नाही.

पार्कमधली बाकीची मुलं आपले डाव ऐकायची, म्हणून तू शब्द शोधून काढलेस. वरण म्हणजे लांब फेक. भात म्हणजे डावीकडून बॉल घेऊन पळायचं. आणि लोणचं म्हणजे डावीकडे पळायचं नाटक करून उजव्या कोपऱ्यात फेकायचं. ऐन वेळी डाव बदलायचा तर नुसतं ओरडायचं. एकदा आई आपल्याला बोलवायला आली, तर तिला वाटलं पोरांना भूक लागलीये. तिने खरंच वरण-भाताचा कुकर लावला होता! आपण किती हसलो होतो.

मग तू मेडिसिनला ग्लासगोला गेलास आणि तिथल्या रिव्हेटर्स टीममध्ये शिरलास. तीन वर्षांनी मी इथे वीव्हर्समध्ये. एकोणिसाव्या वर्षी मी क्वार्टरबॅक झालो. पहिल्याच प्रॅक्टिसला मी तुझे शब्द माझ्या टीमला शिकवले. शिकवताना मला किती अभिमान वाटत होता, तुला सांगू? माझ्या दादाने बनवलेत, असं मी प्रत्येकाला सांगितलं होतं.

डेरेक तुला भेटला होता. आमचा सेंटर, जो वाकून माझ्या हातात बॉल द्यायचा. बस चालवायचा. आईच्या हातचं जेवून गेल्यावर तो "भाट" ऐवजी "भात" म्हणायला शिकला, आणि ते कोच ट्रेव्हरला दहा वेळा म्हणून दाखवलं.

त्या वर्षी जो तो आपली तुलना करायचा. स्थानिक पेपरात आपले दोघांचे फोटो शेजारी शेजारी आले: मोठ्याचं डोकं, धाकट्याचा हात. टीमांचीही तुलना व्हायची. तुमच्याकडे बोटी बांधणारे, वेल्डिंग करणारे धिप्पाड लोक होते, आणि कोच म्हणून एक निवृत्त अमेरिकन नाविक. तुम्ही बॉल घेऊन भिंतीसारखे पुढे सरकायचात. आमच्याकडे विद्यार्थी, दोन पोस्टमन, एक बसड्रायव्हर आणि शाळेत खेळ शिकवणारा ट्रेव्हर. आम्हाला ढकलाढकली जमायची नाही, म्हणून आम्ही फेकायचो. बाबा जेवताना म्हणाले होते, "रिव्हेटर्सची हाडं चांगली आहेत, वीव्हर्सचे नर्व्हज." मला ते आवडलं होतं. तू म्हणालास, नर्व्हजच आधी जातात.

सेमीफायनलला आपण समोरासमोर आलो. मॅच मँचेस्टरला, आमच्या मैदानावर. त्याच्या आदल्या रविवारी तू आईच्या वाढदिवसाला आलास. आई किती खूश होती! जेवणं झाल्यावर आपण दोघं भांडी घासत होतो. मी घासत होतो, तू टी टॉवेलने पुसत होतास. तू सहज विचारलंस, "हेम्या, अजून तेच शब्द वापरता का रे?"

मी हो म्हणालो. वर स्वतःहून सांगितलं की मी एक नवा शब्द घातलाय, पापड, म्हणजे मधून छोटी फेक, झटकन. तू हसलास. "पापड चांगला आहे," म्हणालास, आणि पुढची ताटली उचललीस.

तेव्हा तुझ्या मनात होतं का? की ट्रेनमध्ये परत जाताना आलं? मला अजूनही हे जाणून घ्यायचंय. आता कोण सांगणार?

मॅचमध्ये आम्ही पहिल्यांदा बॉल घेतला आणि मी "वरण" ओरडलो. समोरून यूअन ओरडला, "वॉरेन! वॉरेन!" मला खरंच वाटलं, त्यांच्यात कुणी वॉरेन नावाचा आहे. त्यांचे दोघं मागे धावले आणि माझी फेक त्यांनी आरामात पकडली. पुढच्या वेळी मी "भात" म्हणालो, तर सगळेच्या सगळे डावीकडे सरकले. तिसऱ्या वेळी मी "लोणचं" म्हणालो आणि तो ग्लासगोचा माणूस उजव्या कोपऱ्याकडे हात करून ओरडला, "लॉनचा!"

आपल्या आईच्या स्वयंपाकघरातला शब्द, त्या तोंडून.

मी साइडलाइनकडे पाहिलं. या खेळात दोन्ही टीमचे क्वार्टरबॅक कधीच एकत्र मैदानात नसतात. मी खेळत होतो तेव्हा तू बाहेर उभा होतास, हेल्मेट काखेत धरून. तू माझ्याकडे पाहत होतास. नजर वळवली नाहीस.

हाफटाइमनंतर मी आकडे ओरडायला लागलो, पण आमची मुलं गोंधळली. कोण कुठे पळतंय ते कुणालाच कळेना. आम्ही तीन टचडाउननी हरलो. चेंजिंग रूममध्ये ट्रेव्हरने दार लावलं आणि मला सगळ्यांसमोर विचारलं, हे शब्द तू कुणाला सांगितलेस? मी म्हणालो, कुणालाच नाही. त्याने पुन्हा विचारलं. "तुझा भाऊ?" मी म्हणालो, माझा भाऊ असलं काही करणार नाही.

मी असं म्हणालो, दादा. तुला नुकतंच डोळ्यांनी पाहून आलो होतो, तरी म्हणालो.

मग कुणीतरी आठवण करून दिली की डेरेकची बहीण ग्लासगोला असते आणि तो दर महिन्याला तिकडे जातो. डेरेक तिथेच बाकावर बसला होता, बुटाची नाडी सोडत. त्याने वर पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी बोललो नाही. पुढच्या प्रॅक्टिसला डेरेक आला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. त्याने त्याचे पॅड्स एका पिशवीत घालून ट्रेव्हरच्या दारात ठेवले होते. वर्षभरात मीही खेळ सोडला. सगळ्यांना सांगितलं, परीक्षा आहेत.

आठवड्याने मी तुला फोन केला होता, तो आठवतो? मी एकच विचारलं, का केलंस? तू म्हणालास, "ते शब्द माझेही होते. मराठी काय तुझ्या एकट्याची आहे?"  मी फोन ठेवला.

त्यानंतर आपण भांडलो नाही, आणि बोललोही नाही. दिवाळीला फोन, आईच्या तब्येतीची चौकशी, हवापाणी. तुझ्या लग्नात मी अक्षता टाकल्या, फोटोत तुझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो. आणि खरं सांगतो, हळूहळू मी तुझी बाजू घ्यायला लागलो होतो. मी मनाशी म्हणायचो, बावीस वर्षांचा होता. जिंकायचं होतं. एकट्याने, घाईत, न विचार करता करून बसला. बावीसचं पोर करतं असलं काहीतरी. फेब्रुवारीत येऊन तुला भेटायचं ठरवलं होतं. त्याआधीच त्या बर्फाळ रस्त्यावर तुझी गाडी घसरली.

आता शनिवारची गोष्ट ऐक.

यूअन गाडीचं दार उघडून उभा राहिला आणि म्हणाला, "तू मोठ्या मनाचा माणूस आहेस, हे तुला कधीतरी सांगायचं होतं." मला काही कळेना. मग त्याने सांगितलं. तू टीमला शब्द शिकवायला घेतलेस, तेव्हा त्यांच्यातल्या काहींना ते पटलं नव्हतं. धाकट्या भावाचं गुपित असं वापरायचं नाही, असं त्यांचा कॅप्टन म्हणाला. तो शिकायलाच तयार नव्हता. तेव्हा तू त्यांना सांगितलंस की तू मला फोन केला होतास. मी हसलो होतो. मी म्हणालो होतो की तुम्हा स्कॉटिश लोकांना उच्चार जमले तर खुशाल वापरा, ही आम्हा भावांमधली गंमत आहे.

"म्हणून आम्ही शिकलो," यूअन म्हणाला. "तुझी परवानगी होती म्हणून."

मी हात मिळवला, रस्त्यावर लक्ष ठेव म्हणालो, आणि आत आलो. आई विचारत होती, काय म्हणत होता एवढा वेळ?

मला कसला राग येतोय, ते तुला नीट सांगतो. शब्द दिलेस, ते मी गिळलं होतं. पण तुझ्या लोकांना लाज वाटली, दादा. त्या वेल्डर लोकांना वाटली. ते थांबले होते. तुला थांबायची संधी मिळाली होती, आणि ती संधी तू माझं नाव वापरून घालवलीस. इथे मी तुझ्यासाठी खोटं बोलत होतो, आणि तिथे तू माझ्या तोंडी खोटं घालून ठेवलं होतंस. इतकी वर्षं ग्लासगोतली ती माणसं समजत होती की मी माझीच टीम विकली, आणि वर त्याबद्दल माझं कौतुक करत होती!

आणि त्याची गरज काय होती? तुम्ही आमच्यापेक्षा चांगले होतात. तुमची पुढची फळी आम्हाला अर्ध्या तासात चिरडणार होती. हात माझा चांगला असेल, पण डोकं, पाय, धीर, सगळं तुझं चांगलं होतं. हे मी तेव्हाही जाणत होतो. मी ती मॅच तुझ्याकडून सरळ हरायला तयार होतो. घरी येऊन आईसमोर कबूलही केलं असतं. तू मला तेवढं हरूसुद्धा दिलं नाहीस.

तू असतास तर मी आत्ता गाडी काढून ग्लासगोला आलो असतो आणि तुझ्या दारात उभा राहून हे सगळं ओरडलो असतो. तू काय म्हणाला असतास? पुन्हा काहीतरी हुशार उत्तर दिलं असतंस का? की या वेळी गप्प बसला असतास? ते गप्प बसणं तरी मला पाहायचं होतं.

एक वचन देतो. डेरेक अजून बस चालवतो, त्याचा रूट मला माहीत आहे. आजवर मी तो रूट टाळत आलोय. येत्या रविवारी त्याच्या घरी जाणार आहे. शब्द माझ्या भावाने दिले, ते मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी तोंड उघडलं नाही, एवढं त्याला सांगेन. तुझं नाव घेऊन सांगेन, माझंही घेऊन सांगेन. तू गेलास म्हणून तुला झाकणार नाही. तो दार लावून घेईल कदाचित. त्याचा तो हक्क आहे. त्याच्यानंतर ट्रेव्हरकडे जाईन.

आई-बाबांना मात्र हे कधीच कळणार नाही. त्यांचा मोठा मुलगा त्यांच्याकडे आहे तसाच राहील. ते मी त्यांच्यासाठी करतोय, तुझ्यासाठी नाही.

राग गेला, माफ केलं, असं शेवटी लिहितात. मी लिहिणार नाही. तुझी आठवण रोज येते आणि रागही रोज येतो, हे दोन्ही खरं आहे. आपल्या दोघांत आता एवढं तरी खरं राहू दे.

तुझा धाकटा,
हेम्या