अकरा मरळ

९ जुलै २०२४, मंगळवार

खंडेरावच्या तळ्यात आज नवं बी पडलं. चिलापी माशाचं! टेम्पोतून फुगवलेल्या पिशव्या उतरल्या — आत पाणी, हवा आणि शेंगदाण्याएवढी पिल्लं. माझ्या मागच्या दारातून सगळं दिसतं. खंडेराव बांधावर खुर्ची टाकून बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगत होता — "सगळं नर हाय, नर! पोरंबाळं न्हाईत, संसार न्हाई, निस्तं खायचं आन् फुगायचं! सहा महिन्यांत अर्ध्या किलोचा नग!"

पिशव्या लगेच फोडल्या नाहीत. आधी तळ्यात तरंगत ठेवल्या, पिल्लांना पाण्याची सवय व्हावी म्हणून. ही रीत आमच्या ह्यांनी घालून दिलेली, त्याच्या तळ्यावर कामाला होते तेव्हा. माणूस गेला, रीत खंडेरावकडे राहिली.

फुगू दे. मी बघते.

२० जुलै

वर्ष झालं.

संसारात त्यांचं नाव घेतलं ते उखाण्यात, तेवढंच. आता या वहीत घेते. शांताराम. शांताराम.

गेल्या वर्षी याच तारखेला, गुरुवारी, खंडेरावच्या तळ्यातल्या पंपाला शेवाळ अडकलं म्हणून ते पाण्यात उतरले. बटण बंद केल्याशिवाय ते कधी उतरत नसत. तरी पाण्यात करंट आला. मला अंगणवाडीतून बोलावून नेलं, खिचडी गॅसवर तशीच. त्यांना बांधावर निजवलं होतं. आणि खंडेराव जमलेल्या लोकांना सांगत होता — "पिऊन उतरला. चालू पंपाला हात घातला." पंचनाम्यातही तेच लिहिलं.

प्यायचे. खोटं कशाला लिहू? पण गुरुवारी नाही. सतरा वर्षांत एकाही गुरुवारी नाही. गावाला त्यांचं पिणं माहीत, गुरुवार माहीत नाही.

तो शब्द त्याला त्याच तोंडाने, त्याच बांधावर मागे घ्यायला लावीन. तोवर त्याचं काही पिकू देणार नाही.

२५ जुलै, गुरुवार

रंभाबाई येऊन गेली. खंडेरावची बायको. वर्षभर दर गुरुवारी येते. कधी नारळ, कधी केळी. उंबऱ्याबाहेर बसते, "जेवलीस का गं, चंद्रकांता?" विचारते आणि बघते मात्र जमिनीकडे. नवऱ्याने पाठवली असणार, माझं तोंड बंद राहावं म्हणून. केळी मी शेजारच्या हंसाच्या बकरीला घालते. हंसा म्हणते, "तुझ्या रागावर माझी बकरी पोसली गे!"

४ ऑगस्ट

शांतारामांच्या पिशवीतली मत्स्यपालनाची पुस्तिका काढली. त्यांना वाचता येत नव्हतं. खंडेराव चिलापी आणायचं म्हणू लागला तेव्हा कुठूनतरी घेऊन आले होते. दुपारी जेवण झालं की मी मोठ्याने वाचायचे, ते डोळे मिटून पडायचे. मला वाटायचं, झोपले. मीही पेंगत-पेंगतच वाचायचे, अर्धं माझ्याच डोक्यात शिरायचं नाही.

चिलापीच्या भागातलं एक पान फाटलेलं आहे. कोणी फाडलं?

मी चिलापी कशाने संपते ते शोधत होते. सापडलं नाही. विष नको. त्या पाण्यावर गुरं येतात.

पण याला पुस्तक कशाला हवं? तळ्यात मरळ शिरला की बारकी मासळी ठेवत नाही. इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

८ सप्टेंबर

मंगळ्याकडे गेले. भातखाचरातले मरळ धरून मनोरच्या बाजारात विकतो. वय झालं, पण हात अजून चपळ. मरळाचा रस्सा जखम भरायला देतात, म्हणून म्हणाला, "कोणाचा आप्रेशन झाला गे बाय?"

म्हटलं, "मलाच जखम आहे. पण जिवंत हवेत. वीतभर."

माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. "जिवंत? मंग ही दवा नाय. ही दुश्मनी हाय."

मी नाही म्हटलं नाही.

११ सप्टेंबर

सोडले! पाच दिवसांचे गणपती. भर दुपारी सगळं गाव विसर्जनाला गेलेलं, तळ्यावर कुत्रं नव्हतं. अंगणवाडीची बादली, वर ओलं फडकं. अकरा मरळ. एकेक करून हाताने सोडला. शेवटचा बोटांमधून निसटला आणि गाळात गडप झाला. जिथे त्यांना निजवलं होतं, तिथूनच सोडले.

घरी येऊन आंघोळ केली. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

१९ सप्टेंबर

रंभाबाई. शहाळं. बकरी.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

काहीच होत नाही! खाद्य टाकलं की तळं अजून उकळतं. माझे मरळ काय करतात? खंडेराव जाळं टाकून नमुना बघत होता. एक चिलापी हातात धरून उंच केली, तळव्याच्या बाहेर गेली होती. माझ्या दाराकडे बघून ओरडला, "वहिनी, दिवाळीला पाठवू का दोन?"

म्हटलं, "आमच्याकडे बकरी मासे खात नाही."

त्याला कळलं नाही. ओट्यावर उभ्या रंभाबाईला कळलं. ती आत गेली.

१५ डिसेंबर

हंसा बातमी घेऊन आली. त्याच टेम्पोतलं बी घेतलेल्या दोघांची तळी बसली. सगळे नर म्हणून दिलं आणि निघाल्या माद्याही! पिल्लांवर पिल्लं, पाण्यात नुसता भुसा. खाद्य सगळं तीच खातात, मोठा नग एक नाही. "खंडेरावचंच नशीब थोर," म्हणाली. "त्याच्या तळ्यात पिल्लू दिसत नाय."

मी भाकरी थापत होते. थापायची थांबले.

पिल्लू दिसत नाही.

दोन महिने वाढलेली चिलापी वीतभर मरळाच्या तोंडात मावत नाही, मावतात ती नवी पिल्लं. हे मला सुचायला नको होतं? माझे मरळ तीन महिने त्याच्या तळ्याची राखण करतायत! मी माझ्या हाताने —

तव्यावरची भाकरी करपली.

१९ जानेवारी २०२५, रविवार

आज तळं उपसलं. न जाता राहवलं नाही. अख्खा पाडा बांधावर. जाळं ओढायला मंगळ्याही होता. चिलापी निघाली ती दोन्ही तळव्यांत मावेना. लोक शिट्ट्या मारत होते. मग गाळ उघडा पडला आणि एकेक मरळ उड्या मारू लागला. हातभर झाले होते.

मंगळ्याने माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्याने म्हणाला, "पुराच्या पाण्यात खाचरातला मरळ कुठं पण शिरतो, शेठ."

"पुरानं न्हाई आलं हे," खंडेराव म्हणाला. पंपाच्या खोलीत गेला आणि खिळ्याला टोचलेलं एक पान घेऊन आला. माझ्या पुस्तिकेतलं पान! वर मरळाचं चित्र. "शांतारामनं आणून दिलेलं. जायच्या आदल्या आठवड्यात. म्हणला, मालक, बियात माद्या निघाल्या तर पिल्लांनी तळं भरतं, मागनं मरळ सोडा. माझी बायको वाचते, मी ऐकतो, आसं म्हणला. मी हसलो त्याला! त्यानंच कुणाला तरी सांगून ठेवलं असंल, मागनं सोडायला. मरून बी माझं तळं राखलं की!"

झोपले नव्हते ते. मी वाचलं, मी विसरले, त्यांनी ध्यानात ठेवलं.

लोक टाळ्या वाजवत होते. मी पुढे झाले. म्हटलं, "एवढं ध्यान असलेला माणूस गुरुवारी पिऊन चालू पंपाला हात घालेल?"

टाळ्या थांबल्या. खंडेराव माझ्याकडे बघेना. त्याने बघितलं रंभाबाईकडे. तिच्या हातातली टोपली सुटली. मासे बांधावर तडफडायला लागले, कोणी उचलले नाहीत.

"जुनं कशापाई उकरता, वहिनी," एवढंच म्हणाला.

२३ जानेवारी, गुरुवार

रंभाबाई आली. आज हात रिकामे. उंबऱ्याच्या आत येऊन बसली आणि माझ्याकडे बघून बोलली. "बटण मी दाबलं. घरची टाकी भरायची होती. दोन्ही बटणं शेजारी शेजारी, चुकून तळ्याचं दाबलं. यांनी मला झाकायला तुझ्या नवऱ्याला दारुडा केला. मला लिहिता येत नाय. तू लिही. अंगठा देते."

कागद घेतला. लिहिलं — शांताराम त्या दिवशी प्यायले नव्हते. तव्याची काजळी तिच्या अंगठ्याला लावली.

बटणाचं लिहिलं नाही. अंगठ्याच्या वर एक ओळ कोरी ठेवली आहे. खंडेरावने त्याच बांधावर शब्द मागे घेतला, तर ती कोरीच राहील.