मेण थंड होईपर्यंत

सोमवार, ३ मार्च
लागली बाई एकदाची नोकरी! ब्राँझची शिल्पं करणाऱ्या बाईंकडेच राहायचं, त्यांची चाळीस वर्षांची कामं क्रमाने लावायची आणि प्रदर्शनाची पुस्तिका लिहायची. खोली हवेशीर आहे, मागचं दार भट्टीकडे उघडतं. लेकीला फोन केला, तर म्हणे, आई, तिथे कुणाला अक्कल शिकवू नकोस. आगाऊ कार्टी! तेवीस तारखेला येणार आहे. तिच्यावाचून मला क्षणभर करमत नाही, पण हे तिला कशाला सांगू?

गुरुवार, ६
सुरुवातीचे सगळे पुतळे बाईंच्या थोरल्या बहिणीचे. पापणीन् पापणी मोजून घ्यावी. पुढे नाकडोळे गेले, आता नुसते गुळगुळीत गोळे. मला काही कळेना. पण एकाला हात लावला आणि खुदकन हसूच फुटलं. बाई म्हणाल्या, पूर्वी मी चेहरा ओतायचे, आता आतलं ओतते.

बहीण इथेच असते. स्वयंपाक करते. ती कधी हसत नाही. रडतही नाही म्हणे.

मंगळवार, ११
आज बाईंनी कोमट मेणाचा गोळा माझ्या हातात दिला. त्यांची रीत अशी, की मेण थंड होईपर्यंत आपण जिवाभावाचं बोलत राहायचं. मग त्यावर साचा चढतो, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत ब्राँझ ओततात. मी लेकीबद्दल बोलले. तिचा पहिला ताप, तिचं रुसणं. तासभर तोंडाचा पट्टा चालू. बहीण दारातून मानेनेच नको नको म्हणत होती. मी कसली थांबतेय!

सोमवार, १७
भट्टी पेटली. मेण गेलं. दुपारी लेकीचा फोन वाजला. उचलला नाही. उगाच कोण बोलत बसणार —

गुरुवार, २०
ओतकाम झालं. लेकीचा फोटो समोर घेऊन बसले. नाक, कान, वेणी. ओळखते मी. पण पुढे काहीच —

बाईंना म्हटलं, माझं मला परत द्या.

"गेलेलं मेण परत येतं का गं?" त्या म्हणाल्या. प्रेमाने म्हणाल्या.

घाबरायला हवं. जमत नाही.

रविवार, २३
लेक आली. मी दारातच होते. माझ्या बाजूने सरळ आत गेली आणि त्या नव्या गोळ्याला मिठी मारली.

"आई, केवढी आठवण आली गं तुझी."

अजून तिथेच आहे. मघाशी मला विचारलं, काकू, पाणी मिळेल का? दिलं. बहिणीने मला शेजारी बसायला जागा केली. मला रडू यायला हवं, एवढं कळतं. म्हणून लिहून ठेवते, की मला —