कार्ड एकटं जात नाय

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुला ओळखणारी माणसं आता मोजकीच उरली. पण मागल्या महिन्यात मी अगदी तुझ्यासारखी वागले आणि तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. शाळेत दुसरीपर्यंतच गेले, तेव्हा अक्षराला हसू नको. आठवतं का गं, शेजारणीच्या लेकीचं लग्न होतं आणि ती साखरेसाठी आपलं रेशनकार्ड मागायला आली? तू तव्यावरची भाकरी उतरवतेस, कार्ड कमरेला खोचतेस आणि म्हणतेस, "कार्ड एकटं कुठं जात नाय. मी येते." वयात आलेल्या पोरीला जत्रेला पाठवताना बोलतात तशी. शेजारीण फुगली खरी, पण तिला साखर मिळाली आणि कार्डही दिवेलागणीच्या आत घरी आलं.

तर आता ऐक. आमच्या शेलू गावात टेंपो घेऊन एक माणूस आला. कडक इस्त्री, अत्तराचा वास, आणि पहिल्याच वाक्याला मला आई म्हणाला. तिथंच खटकलं मला. माझ्या पोटच्या पोराला आई म्हणायला जेवणाची वेळ व्हावी लागते. म्हणे जुनी कार्डं रद्द होणार, माझ्याकडं द्या, कर्जतच्या कचेरीतून नवी आणून देतो, सोबत घरपट्टीची पावती द्या, पैसे नकोत. पैसे नकोत म्हटल्यावर माझा संशय दुप्पट झाला. माझ्या जावेनं मात्र कार्ड आणि पावती त्याच्या पिशवीत टाकून वर त्याला चहा पाजला. कार्ड गेलं तर साखर गेली, रॉकेल गेलं, आणि आपल्या नावावर कोण काय उचलील याचा पत्ता नाही. मी माझं कार्ड काढलं, चपला घातल्या आणि टेंपोत पुढं जाऊन बसले.

"आई, तुमी कशाला तरास घेता?"

"कार्ड एकटं जात नाय रं बाळा. आमच्यात तशी पद्धत हाय."

नेरळपर्यंत तो गोड बोलत होता. मी विचारत होते, साहेब कुठले, खिडकी कुठली. मग म्हटलं, माझी भाची त्याच कचेरीत कामाला आहे, तिच्याच हातात देऊ. मला भाची एकही नाही, तुला ठाऊकच आहे. नेरळ ओलांडल्यावर त्यानं टेंपो थांबवला. म्हणे इंजिन तापलं, तुम्ही घरी जा.

"उतरते. पन जावेचं कार्ड दे आदी. तेपन एकटंच हाय."

दिलं पिशवीतून काढून, पावतीसकट. शेजारच्या गावानं मात्र त्याला आधीच कार्डं देऊन टाकली होती. त्यांच्या नावावरचं रॉकेल कुणी भलत्यानंच उचललं, ती माणसं अजून कचेरीत खेटे घालताहेत. जाऊ आता मला रोज चहाला बोलावते, आणि मी दर वेळी हीच गोष्ट पहिल्यापासून सांगते.

माझं कार्ड आता तांदळाच्या कणगीत, तळाशी, जुन्या लुगड्याच्या घडीत आहे. सुनेलाही सांगितलेलं नाही. ती चांगली आहे गं, पण चांगली माणसंच कार्ड चटकन काढून देतात.

बघ, लिहिता लिहिता जागा सांगून बसले. आता हे पत्र कुणाच्या हाती द्यायची सोय राहिली नाही, तेही एकटं जायचं नाही. येताना मीच घेऊन येईन. पण खरं सांगू, आये? मला एवढ्यात यायचं नाही. इथं अजून लई मजा येते.